हक्काच्या मतदारसंघाचा हिशेब

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे अर्थमंत्री टिम पॅलस यांनी दहा वर्षे तिजोरी सांभाळून डिसेंबर २०२४ मध्ये राजीनामा दिला, आणि मेलबर्नच्या पश्चिमेकडील वेरिबी येथे ८ फेब्रुवारी २०२५ रोजी पोटनिवडणूक झाली. ही जागा म्हणजे मजूर पक्षाची हक्काची मिरास! २०२२ साली तेथे पक्षाला पहिल्या पसंतीची सुमारे ४५ टक्के मते होती. या वेळी ती ३० टक्क्यांच्याही खाली घसरली. पसंतिक्रमाच्या मोजणीत पक्षाचे जॉन लिस्टर निम्म्याच्या रेषेपलीकडे जेमतेम पोहोचले. एवढ्यावर विजयाचे नगारे वाजवावेत काय?

अशा जागांना ‘सुरक्षित’ म्हणण्याची रूढी आहे. आम्ही विचारतो, कोणापासून सुरक्षित? मतदारापासूनच ना! वेरिबीत घरांमागून घरे उठली, रस्ते मात्र होते तिथेच राहिले. राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याच्याच मतदारांनी रोज सकाळी वाहनांच्या रांगेत तिष्ठत राहावे, याहून क्रूर थट्टा कोणती? जो मतदार कोठे जाणारच नाही, त्याच्यासाठी खर्च कशाला, हाच सत्ताधाऱ्यांचा हिशेब असतो.

विरोधी लिबरल पक्षानेही मिशांना पीळ भरण्याचे कारण नाही. मजूर पक्षाने गमावलेल्या मतांपैकी बहुतेक अपक्षांकडे आणि लहान पक्षांकडे गेली. त्याच दिवशी प्राहरानची जागा लिबरलांनी ग्रीन पक्षाकडून जिंकली खरी; वेरिबीत मात्र दार सताड उघडे असूनही त्यांना उंबरठा ओलांडता आला नाही.