अंड्यात पाणी घालता येत नाही

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये प्रोटीनवर चर्चा रंगली होती. कोणी व्हे पावडरचे ब्रँड सांगतोय, कोणी डब्यातून चार उकडलेली अंडी आणलीयेत. मी शाळेतल्या पोषण आहाराचा विषय काढला, तर तोच अंडी सोलणारा मित्र म्हणाला, "सरकारने कशाला द्यायची अंडी? ज्यांना कळवळा आहे त्यांनी वर्गणी काढावी!" वाद अर्धवट राहिला. उरलेला इथे घालतो.

आधी झालं काय ते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. जे खात नाहीत त्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये नवा शासन निर्णय आला. अंडं ऐच्छिक, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत, शाळेला द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्यावं.

लोकसहभाग! शब्द किती गोड आहे बघा. पुण्या-मुंबईतल्या शाळेला एखादी कंपनी, एखादा बिल्डर मिळेलही. मेळघाटातल्या किंवा धडगावच्या गुरुजींनी वर्गणी मागायची कोणाकडे? ज्यांच्या घरी अंडं परवडत नाही त्याच पालकांकडे? म्हणजे गरज जिथे सगळ्यात जास्त, तिथेच देणगीदार सगळ्यात कमी. असं डिझाईन आमच्याकडे कोणी आणलं असतं तर पहिल्याच रिव्ह्यूत परत गेलं असतं.

आता थोडे आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची निघाली. बिहार-झारखंडचं नाही, आपलं बोलतोय. त्यातली बरीच मुलं आज शाळेत जातायत.

"डाळीत असतंच की प्रोटीन." असतं ना! प्राथमिकच्या मुलामागे रोजची डाळ ठरलीये २० ग्रॅम. त्यातून मिळतं जेमतेम साडेचार-पाच ग्रॅम प्रोटीन. एका अंड्यात सहा ग्रॅम, वर बी-१२, जे डाळीत नसतंच. आणि मुख्य म्हणजे डाळीत पाणी घालून ती कितीही मुलांना पुरवता येते. अंड्यात पाणी घालता येत नाही. एक मूल, एक अंडं. वाढलं की नाही हे पहिलीतलं पोरही मोजून सांगेल. आपल्या योजनांमध्ये एवढं सोपं ऑडिट दुसरं कुठलं आहे?

"पण शाकाहारी मुलांच्या भावना?" त्यांच्यासाठी केळं होतंच. कोणाच्या ताटात जबरदस्तीने अंडं पडत नव्हतं. भावनेचा प्रश्न आपल्या ताटापुरता असतो, शेजारच्या मुलाच्या ताटात काय असावं हे त्यावरून ठरत नाही.

"पैसे कुठून आणायचे?" वर्षाला पस्तीस-चाळीस आठवडे, अंडं सहा-सात रुपयांना. जास्तीत जास्त २८० रुपये. म्हणजे मुलामागे वर्षाला एक पिझ्झा, तोही मध्यम. तामिळनाडूने १९८९ मध्ये पंधरा दिवसांतून एका अंड्याने सुरुवात केली आणि २०१० मध्ये आठवड्याला पाचपर्यंत नेली. सरकारं बदलली, अंडी राहिली. आपल्याला एक झेपलं नाही, तेही सव्वा वर्षात.

राग सरकारवर आहेच, पण खरं सांगायचं तर जास्त आपल्यावर आहे. आपली मुलं त्या शाळांत जात नाहीत, म्हणून ही बातमी आपण मोबाईलवर वर सरकवतो आणि पुढचा प्रोटीनबारचा रिव्ह्यू वाचतो. स्वतःसाठी प्रोटीन म्हणजे विज्ञान, आणि दुसऱ्याच्या पोरासाठी दानधर्म. हे कसं?

असो. सोमवारी तो मित्र परत डबा उघडेल. तेव्हा त्याला एवढंच विचारणार आहे, "तुझ्या या अंड्यांसाठी वर्गणी कुणाकडून काढलीस रे?"