गल्लीच्या पाण्याची वही

मैत्रिणींनो, मूल गणितात पैकीच्या पैकी मार्क आणतं, पण वर्तमानपत्रात 'शहराला सरासरी अमुक लिटर पाणी' असं छापून आलं, की त्यातली गोम त्याच्या ध्यानात येत नाही. आकडे वाचायची ही विद्या शिकवायला क्लास नको, आपली गल्ली पुरते.

इचलकरंजीच्या भगिनींना पाण्याचं महत्त्व सांगायला नको. नळाला रोज पाणी नाही, आणि २०१२ च्या उन्हाळ्यातली काविळीची साथ कुणी विसरलेलं नाही. दूषित पाण्यातून पसरणारी ती 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या तर जिवावर बेतू शकते. तेव्हा या सुट्टीत मुलांना पाण्याचीच नोंद ठेवायला लावा.

गल्लीतली पाच-सहा मुलं जमवा. एक शंभर पानी वही आणि घड्याळ, एवढं सामान बास. पाणी कधी आलं, किती वेळ होतं, घागर भरायला किती मिनिटं लागली, गढूळ होतं का, वास होता का, हे घरोघरी लिहायचं. घागर मात्र सगळीकडे एकाच मापाची हवी. पाणी आलं नाही, तर जागा कोरी न सोडता तसं लिहायचं.

महिन्याने सरासरी मुलांनाच काढू द्या. समजा, चार घरी ४५ मिनिटं पाणी आलं आणि टोकाच्या घरी पाचच मिनिटं. सरासरी येईल ३७. वाटेल, सगळं ठीक आहे! पण टोकाच्या घरची बाई कळशी घेऊन दारोदार फिरते, ती त्या ३७ मध्ये दिसतच नाही. हे एकदा उमगलं, की मूल सरासरीला सहसा फसणार नाही.

मग गल्लीचा नकाशा काढून गढूळ पाण्याच्या घरांवर लाल ठिपके द्या. १८५४ साली लंडनच्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी दगावलेल्यांची घरं शोधली, तर ती ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीच दाट निघाली. त्या पंपाचा दांडाच काढण्यात आला. ठिपके एकीकडे साचले म्हणून पाइप तिथेच फुटलाय असं ठरत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

एक पथ्य पाळा. कुणाचा आजार नावानिशी लिहू नये, घरांना नंबर द्यावेत.

वही भरली, की मुलांना घेऊनच महापालिकेत जा. 'पाणी नीट येत नाही' या तक्रारीला 'बघतो' म्हणता येतं. तारीख-वेळ लिहिलेली वही तशी बाजूला सारणं अवघड. आणि हो, गढूळ पाणी आलं तर उत्तराची वाट पाहू नका. त्याच दिवसापासून पाणी गाळून, चांगलं उकळूनच प्या.