उजनीच्या काठी ज्युरासिक?

पाणी ओसरलं की पळसदेवजवळ उजनी धरणाच्या काठावर विद्यार्थ्यांनी ज्युरासिक जीवाश्म वेचावेत, असं सुचवणारं पत्र वाचलं. हौस चांगली, पण काळाचा हिशेब बसत नाही. बारामती-इंदापूरचा कातळ दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ज्युरासिक कालखंड त्याच्या जवळपास ८ कोटी वर्षं आधीच संपला होता. बरं, लाव्ह्याखाली काही असेल म्हणावं, तर कोयनेजवळच्या खोल वेधन-छिद्रांत काळा पाषाण संपताच थेट ग्रॅनाइट-नाइस लागला, मधे जीवाश्म असतील असा गाळाचा खडक नाही.

मग काठावर सापडतं ते काय? शंख-शिंपले बहुधा आजच्याच गोड्या पाण्यातले. दगडावरची नेच्यासारखी काळी नक्षी मँगनीजची. पांढरे स्फटिक झिओलाइटचे. ‘हाडं’ म्हणून दाखवतात ती अनेकदा चुनखडी! ज्युरासिकच हवं असेल तर कच्छ गाठावं, नाहीतर गडचिरोलीतला सिरोंचा.

आपल्या भागातली खरी दौलत मोरगावला, कऱ्हेकाठी आहे. तिथल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, अश्मयुगीन हातकुऱ्हाडीही मिळाल्या आहेत. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची, असं काही संशोधक मानतात. काहींच्या मते ती कितीतरी जुनी. तिथलं हत्यार कुणी खिशात घातलं की ते राखेच्या वर होतं की खाली, हे कायमचं पुसलं जातं. पत्रलेखकांनी विद्यार्थ्यांना तिकडे जरूर न्यावं, पिशव्या मात्र घरी ठेवून.

– एक वाचक, इंदापूर