नवरीबरोबर गाय येते तेव्हा

लग्न ठरले, याद्या झाल्या. नवरीबरोबर माहेरची गाय आणि तिचे लाडके कुत्रेही येणार असेल, तर मंडळी, गोठ्याची बोलणीही आताच करा.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने लग्नापूर्वी वधूवरांची एचआयव्ही तपासणी सक्तीची केली. तोच शहाणपणा जनावरांबाबत हवा. आंदणाच्या गाईचे रक्त सांसर्गिक गर्भपातासाठी तपासून घ्या. कच्च्या दुधातून हा रोग माणसालाही जडतो. लाळ्या-खुरकुताची लस टोचून घ्या. आणल्यावर महिनाभर तिला वेगळी बांधा, पाण्याची बादलीही वेगळी ठेवा. कुत्र्याला रेबीजची लस द्या.

हिवऱ्याने मोकाट चराईही बंद केली. तिथे चारा कापून आणावा लागतो. तेव्हा मांडवाआधी वैरणीचा हिशेब करा.