परदेशांतील पहिला महिना

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें गांव नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळें सर्वांस ठाऊक आहे. या मुलखांतला माणूस पिढ्यान्पिढ्या पोटासाठीं मुंबईस जात आला. पण तेथें तो पोरका म्हणून उतरला नाहीं. गिरण्या चालू होत्या तेव्हां चाळींत गांवकीची खोली असे. ट्रंक ठेवावयास कोपरा, वळकटी पसरण्यापुरती जागा, खाणावळींत उधारी आणि गिरणींत शब्द टाकणारा एखादा गांववाला, इतकें मिळालें कीं मनुष्य महिन्याभरांत शहरास सरावे.

आतां याच महाड-पोलादपूरकडील कोणी गृहस्थ मुलास जर्मनीस शिकावयास पाठवूं लागला, तर तो हिशेब बहुधा फीचाच करील. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नांवापुरतीच असते, हें खरें. परंतु निर्वाहाची सोय दाखविण्यासाठीं एका वर्षाचे पैसे आगाऊ कुलूपबंद खात्यांत भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ मध्यें ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. त्यांतून विद्यार्थ्याच्या हातीं दरमहा ९९२ युरो पडतात. उलट घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागूं शकतो. पैसा आपला, खात्यांत शिल्लकही आहे, आणि घराच्या दारांत उभें राहून तो देतां मात्र येत नाहीं! ही अनामत तीन मासिक हप्त्यांनीं देण्याचा हक्क तेथील कायद्यानें भाडेकरूस दिला आहे. पण परक्या भाषेंत तो हक्क नवख्यानें सांगावा कसा? शिवाय राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता सरकारदप्तरीं नोंदवावयाचा, त्यास घरमालकाचा दाखला हवा. तो नसला कीं पुढील कित्येक कामें अडतात. घर न दाखवितांच अनामत उकळणारे ठक अशाच घाबरलेल्या मुलांच्या शोधांत असतात.

कित्येक म्हणतील कीं, हाल सोसल्यावांचून विद्या येत नाहीं, डॉ. आंबेडकरांस कोणी घर शोधून दिलें होतें? हा दाखला त्यांच्याच अंगावर उलटतो. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर १९१३ च्या जुलैंत न्यूयॉर्कला पोंचले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील अन्न त्यांस मानवलें नाहीं. थोड्याच दिवसांत ते हिंदी विद्यार्थी राहत होते त्या ठिकाणीं गेले, आणि पुढें नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. तो स्नेह जन्मभर टिकला. १९२७ सालीं महाडास चवदार तळ्याचें पाणी प्राशन करणाऱ्या पुरुषासही परक्या शहरांत सोबत लागली. मग आमच्या विशी-बाविशीच्या पोरांनीं एकट्यानें सर्व निभवावें, हा हट्ट कशासाठीं?

ज्याच्या बापाचें दुकान आहे तो वेळेस पैसे मागवून घेईल. शिष्यवृत्तीवर गेलेल्या मजुराच्या मुलास ती वाट नाहीं. म्हणून शिष्यवृत्ती देणाऱ्यांनीं पहिल्या महिन्याची रक्कम व अनामत विद्यार्थी निघण्यापूर्वींच त्याच्या हातीं द्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. परदेशांतील महाराष्ट्र मंडळांसही एक विनंती आहे. लंडनचें मंडळ १९३२ पासूनचें आहे. पुढें इतर अनेक शहरांतही मंडळें निघालीं. गणेशोत्सव थाटानें व्हावा, त्यास आमची ना नाहीं. पण दर मंडळानें चार कुटुंबें अशीं नेमावीं कीं, नव्या विद्यार्थ्यास पंधरा दिवस टेंकावयास जागा देतील आणि भाडेपत्र वाचून दाखवितील.

राहिला येथील व्यापाऱ्यांचा भाग. देवळाच्या कळसास वर्गणी जमते, तशी यासही जमावी. व्यवहार बुडीत नाहीं: घराची मोडतोड नसली तर ते सोडतांना अनामत परत मिळते, आणि तीच रक्कम पुढील वर्षीं निघणाऱ्या मुलास देतां येते.