कॉफीच्या कपातला हिशेब

मी मुळशीतल्या भरे गावात राहतो, हिंजवडीत सॉफ्टवेअरचे काम करतो. ऑफिसजवळच्या कॅफेत दोन-अडीचशेची कॉफी आम्ही सहज पितो. खाण्यात हलाल-हराम बघणारे आपण, या पैशांतले शेतकऱ्याला किती मिळाले, हे मात्र विचारत नाही.

कॉफी आपल्याला परकी नाही. १७व्या शतकात सूफी बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, असे सांगतात.

आज आंध्रातले अराकू पाहा. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी नांदी फाउंडेशनच्या साथीने सहकारी संस्था उभी केली. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी, त्याच झाडांवर मिरीचे वेल. डोंगर उघडा पडत नाही, माती टिकते आणि दोन पिके मिळतात. २०१७ मध्ये या कॉफीचे दुकान थेट पॅरिसमध्ये उघडले.

पाकिटावर हिरवे पान कोणीही छापतो. म्हणून विक्रेत्याला विचारा: बाग कोणाची? भाव काय दिला? सावलीत पिकवली का? उत्तर मिळाले नाही, तर दुसरे दुकान शोधा. आमच्या मुळशीचा आंबेमोहोर घेतानाही हेच विचारा. मापात पाप फक्त तराजूत होत नाही, भावातही होते.