पीसी मेला नाही, मोड चुकलाय

‘डिस्क जीपीटी प्रकारची आहे, विंडोज बसणार नाही.’ पडद्यावर एवढं आलं की दुकानदार म्हणतो, पीसी गेला, नवा घ्या. आपण मान डोलावतो. डिस्क शाबूत असते! पेनड्राइव्ह जुन्या लेगसी मोडमध्ये सुरू झालेला असतो. जीपीटी डिस्कवर विंडोजला यूईएफआय लागतं. आधी फायली दुसरीकडे उतरवा, मग बूट मेनूत ‘यूईएफआय’ लिहिलेला पेनड्राइव्ह निवडा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं. म्हणून चालतं मशीन भंगारात? ६४-बिट असेल तर लिनक्स मिंट बसवा. लेगसीवरही चालतं, तेही फुकट. चोरीच्या विंडोजचं ओझं ईमानावर कशाला?

दुरुस्तीला कमी लेखू नका. मिरजेचे शिकलगार हत्यारांना धार लावायचे. तो धंदा बसला, तेव्हा वाद्यं दुरुस्त करता करता ते सतारमेकर झाले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी पोरांना कष्ट करून शिकायला लावलं. आणि आपण एक सेटिंग बदलायला घाबरतो?

प्रत्येक मोहल्ल्यात दोघा-तिघांनी, मुलींनीसुद्धा, हे शिकून घ्यावं. हुनर आपल्या हाती नसेल, तर प्रत्येक नवी आवृत्ती आपल्याच खिशातून वसुली करणार.